साधन निवडण्याआधी पान मराठीत उघडून पाहा

वेबसाइट करायचं काम नुकतंच शिकू लागलेली मुलं पुण्यात भेटली की त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा साधनांबद्दलच असतो. कोणता एडिटर घेऊ, कोणतं फ्रेमवर्क शिकू, कोणतं एआय वापरू? प्रश्न रास्त आहे. हिंजवडी, खराडी, बाणेरमधल्या मुलाखतींत हीच नावं विचारली जातात आणि नावांची यादी सतत बदलत असते. माझी यादी मी पुढे देणारच आहे, पण ती कोणत्या क्रमाने लावली आहे याला माझ्या लेखी जास्त महत्त्व आहे. आपलं पान वापरणाऱ्याच्या हातात कसं चालतं हे दाखवणारं साधन आधी शिकावं. आपलं टायपिंग वाचवणारं साधन त्यानंतर.

वापरणारा कोण, हे डोळ्यांसमोर असू द्या. लक्ष्मी रोडवरच्या दुकानातले दर घरबसल्या पाहणारी गृहिणी, मुलाच्या प्रवेशाचा फॉर्म भरणारे वडील, हडपसरच्या सोसायटीची देखभालीची पावती उतरवून घेणारा सभासद, भोरहून पुण्यातल्या दवाखान्यात यायचं म्हणून डॉक्टरांची वेळ शोधणारा पेशंटचा नातेवाईक. यांच्याकडे साधा अँड्रॉइड फोन असतो, डेटा रोजच्या ठरावीक कोट्यातला असतो आणि वाचन मराठीत चालतं. आपण मात्र ऑफिसच्या वायफायवर, मोठ्या स्क्रीनवर, इंग्रजी मजकूर भरून पान तपासतो आणि काम झालं असं समजतो.

ब्राउझरची ओळख आधी

वेब डेव्हलपरचं सर्वांत मोठं साधन त्याच्या संगणकावर आधीपासून असतं. क्रोम किंवा फायरफॉक्समधली डेव्हलपर टूल्स उघडा आणि थोडे दिवस बाकी काही न शिकता तीच शिका. नेटवर्कच्या टॅबमध्ये वेग मुद्दाम कमी करता येतो. क्रोममध्ये 'स्लो ४जी' निवडा, परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये प्रोसेसर चार किंवा सहापट मंद करा आणि मग स्वतःची वेबसाइट उघडा. हे एकदा केलं की पहिल्या पानावरचा सरकता बॅनर काढायचा की ठेवायचा यावर मीटिंग घ्यावी लागत नाही. 'कव्हरेज' नावाचा टॅब बहुतेकांनी उघडलेलाच नसतो. आपण पाठवलेल्या सीएसएस आणि जावास्क्रिप्टपैकी किती भाग या पानावर वापरलाच गेला नाही हे तो दाखवतो. तयार थीम घेऊन केलेल्या साइटवर तो एकदा चालवून पाहाच.

याच टूल्समधल्या लाइटहाउस या चाचणीचे गुण ग्राहकाला दाखवायला बरे वाटतात, पण ते आपल्या यंत्रावरच्या एका चाचणीचे गुण आहेत. गूगलच्या 'पेजस्पीड इनसाइट्स'मध्ये पत्ता टाकलात तर वरच्या भागात खऱ्या वापरणाऱ्यांच्या क्रोम ब्राउझरमधून मागच्या २८ दिवसांत जमलेली आकडेवारी दिसते. साइटला पुरेशी वर्दळ नसेल तर हा भाग येत नाही. येत असेल तर लाइटहाउसच्या गुणांपेक्षा त्यावर विश्वास ठेवा. तिथे तीन आकडे पाहायचे. पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे. मार्च २०२४पासून जुन्या मोजमापाच्या जागी हे आलं आणि जावास्क्रिप्टने जड झालेल्या साइट्स उघड्या पडल्या. तिसरा आकडा पानाची मांडणी वाचतावाचता किती उडते याचा, तो ०.१च्या खाली हवा. हे तिन्ही निकष शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत पाळले गेले पाहिजेत. म्हणजे सरासरी काढून सुटका होत नाही, मंद फोनवालेही मोजले जातात.

खऱ्या फोनला पर्याय नाही. घरात पडून असलेला एखादा जुना अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडला की त्याच्यावर उघडलेलं पान संगणकावरच्या क्रोममधून तपासता येतं. याला एक रुपया लागत नाही. आयफोन किंवा वेगवेगळ्या मॉडेलांवर पाहायची गरज असेल तर ब्राउझरस्टॅक आहे. दूरवरच्या खऱ्या उपकरणांवर आपली साइट चालवून दाखवणारी ही सेवा २०११मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आज जगभरच्या कंपन्या ती वापरतात.

वेग सुधारायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फोटो हलके करणं. मंगल कार्यालयाच्या किंवा क्लासच्या साइटवर कॅमेऱ्यातून आले तसेच पाच-पाच एमबीचे फोटो चढवलेले दिसतात. क्रोमच्या चमूने २०१८मध्ये आणलेलं 'स्क्वूश' ब्राउझरमध्येच चालतं. फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही, डावीकडे मूळ आणि उजवीकडे लहान केलेला असा फरक सरकवून पाहता येतो. वेबपी किंवा एव्हीआयएफ निवडा, रुंदी पडद्याला लागेल तेवढीच ठेवा. खालचे फोटो गरजेच्या वेळी येतील असं सांगणारा 'लोडिंग लेझी' हा गुणधर्म जरूर वापरा, मात्र पानावर सगळ्यात वर दिसणाऱ्या मुख्य चित्राला तो लावू नका. लावला तर नेमकं तेच उशिरा येतं. लोगो आणि चिन्हांच्या एसव्हीजी फाइल हलक्या करायला जेक आर्चिबाल्ड यांचं 'एसव्हीजीओएमजी' पुरेसं आहे.

मराठीची तपासणी कोणतंही टूल करून देत नाही

या भागावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण या विषयात पुण्याची जबाबदारी मोठी आहे. संगणकावर भारतीय लिपी आणायचं कितीतरी काम या शहरात झालं. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान इथे येऊन वाढलं. १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही भारतीय लिप्यांची सांकेतिक पद्धत प्रमाण ठरवली, आणि युनिकोडमधला देवनागरीचा विभाग तिच्याच आधीच्या रूपावर उभा राहिला. श्री-लिपी हे छापखान्यांत आणि वृत्तपत्रांत पोहोचलेलं सॉफ्टवेअरही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं. असं शहर असताना इथल्याच साइटवर वेलांटी भलत्या अक्षराला लागलेली दिसली की वाईट वाटतं.

पहिलं काम जुन्या मजकुराचं. संस्था, पतपेढ्या, मंडळं यांच्याकडची पत्रकं आणि अहवाल अनेकदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्यात साठवलेली अक्षरं मुळात रोमन सांकेतिक क्रमांकांची असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. तो मजकूर जसाच्या तसा साइटवर चिकटवला तर अगम्य चिन्हं दिसतात, आणि पीडीएफ करून टाकला तर दिसायला नीट दिसतो पण गूगलला एक शब्दही सापडत नाही. रूपांतर करून देणारी साधनं पुष्कळ आहेत. कोणतंही वापरा, पण रूपांतरानंतर रफार, अर्धा र आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. चुका नेमक्या तिथेच राहतात.

दुसरं काम एका ओळीचं आहे. पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग' या गुणधर्मात 'एमआर' लिहा. तयार साच्यात तिथे इंग्रजीचा संकेत असतो आणि तो तसाच राहतो. या एका बदलाने स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो, ब्राउझर भाषांतराचा चुकीचा प्रस्ताव पुढे करत नाही, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श ही अक्षरं हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाची दिसतात. राज्य सरकारने २००९च्या शासननिर्णयात ही मराठी वळणं प्रमाण धरली आहेत. 'वेबएम' ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं तपासते. त्यांत वारंवार सापडणाऱ्या सहा प्रमुख दोषांत पानाची भाषा न सांगणं हा एक आहे.

फॉन्ट निवडताना मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बालू' हे मुक्त परवान्याचे फॉन्ट पाहा. दीर्घ वाचनासाठी 'टिरो देवनागरी मराठी' आहे, त्यात मराठी वळणं मूळचीच आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड होते हे लक्षात ठेवा. अँड्रॉइडवर नोटो आणि विंडोजवर निर्मला हे चांगले फॉन्ट आधीपासून असतातच. लहान साइटला मी सुचवेन की मजकूर यंत्रातल्याच फॉन्टमध्ये ठेवा आणि वेगळा फॉन्ट फक्त शीर्षकांसाठी, एकाच जाडीत मागवा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडं जास्त हवं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा 'लेटर-स्पेसिंग' गुणधर्म मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये तो मेन्यूला आणि बटणांना हमखास लावलेला असतो.

डिझाइन पाहताना 'लोरेम इप्सम'ऐवजी एक कठीण मराठी वाक्य वापरा. मी वापरतो ते असं: 'आजऱ्याच्या वऱ्हाड्यांनी विठ्ठलाच्या देवळात ॲल्युमिनियमची कढई आणि श्रीखंड पोहोचवलं.' त्याला 'कर्तृत्व' आणि 'उद्ध्वस्त' हे दोन शब्द जोडा. फिग्मा, पेनपॉट किंवा ब्राउझर, कुठेही हे वाक्य नीट उमटलं तर तो फॉन्ट आणि ते साधन पुढे न्यायला हरकत नाही. पीडीएफ बनवणाऱ्या अनेक जावास्क्रिप्ट आणि पीएचपी लायब्ररी इथेच नापास होतात, कारण त्यांना देवनागरीची अक्षरजोडणी येत नाही. सोसायटीच्या पावत्या किंवा प्रमाणपत्रं काढायची असतील तर पान आधी एचटीएमएलमध्ये मांडा आणि पडद्यामागे चालणाऱ्या क्रोमियमकडून त्याचं पीडीएफ करून घ्या. क्रोमियममध्ये 'हार्फबझ' हे अक्षरजोडणीचं इंजिन आहे, वेलांटी जागेवर येते.

आता फॉर्म. नावात फक्त अक्षरं चालतील अशी तपासणी रेगेक्समध्ये लिहिताना अनेकजण युनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग वापरतात आणि निश्चिंत होतात. त्या वर्गात काना, मात्रा, वेलांटी बसत नाहीत. त्यांचा वर्ग 'मार्क' असा वेगळा आहे. परिणाम असा की 'कमल' हे नाव स्वीकारलं जातं आणि 'पाटील' नाकारलं जातं. दोन्ही वर्ग घ्या, आणि खरं म्हणजे नावावर अशी तपासणी लावूच नका. अंकांचंही तसंच. जावास्क्रिप्टला '१२३' ही संख्या वाटत नाही, पायथनला मात्र ती सरळ समजते. मराठी कीबोर्डवरून आलेला फोन नंबर किंवा पिनकोड साठवण्याआधी अंक एका पद्धतीत आणून घ्या. आकडे दाखवायचे असतील तर ब्राउझरमधल्याच 'इंटल' या सोयीला भाषा 'एमआर-आयएन' सांगितली की १२,३४,५६७ असा देवनागरी अंकांतला, लाख-कोटींचा स्वल्पविराम असलेला आकडा मिळतो. यासाठी वेगळी लायब्ररी उतरवू नका.

'क्षितिज' या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात, जावास्क्रिप्ट सात मोजतं, आणि यूटीएफ-८मध्ये तो एकवीस बाइट घेतो. फॉर्मला घातलेली कमाल लांबी, बातमीचा तोडून दाखवलेला सारांश, अवतारातलं आद्याक्षर या सगळ्या ठिकाणी हा फरक दगा देतो. वाचणाऱ्याच्या नजरेतल्या अक्षरांप्रमाणे तोडायचं असेल तर 'इंटल'मधलाच 'सेगमेंटर' वापरा; एप्रिल २०२४मध्ये फायरफॉक्सनेही तो घेतल्यापासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये तो आहे. जुन्या ब्राउझर-आवृत्त्या जोडाक्षर मधोमध तोडू शकतात, तेवढं पाहून घ्या. एसएमएस पाठवत असाल तर एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीत मर्यादा ७० सांकेतिक अक्षरांची आहे. मराठी संदेशाचा मसुदा आणि त्याचा खर्च हे धरूनच ठरवा.

शोध आणि क्रम यांत तर नुसत्या नजरेने पकडता येत नाही अशी अडचण आहे. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. 'ॲ'चीही तीच गत. स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८मध्ये आला, त्यामुळे त्याआधीचा मजकूर अ-ला चंद्र जोडून लिहिलेला आढळतो, शिवाय हिंदी कीबोर्डवरचा ऍ वेगळाच. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन हे भेद मिटवत नाही. साइटवर मराठी शोध देणार असाल तर साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळी ही रूपं एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन स्वतः लिहा. दहा-बारा ओळींचं काम आहे आणि त्याने सापडत नसलेल्या नोंदी सापडू लागतात. सभासदांची यादी लावताना 'कावळे', 'काळे' आणि 'क्षीरसागर' ही तीन नावं घालून पाहा. युनिकोडच्या नुसत्या क्रमाने काळे आधी येतात, कारण तिथे ळ हा ल-च्या लगेच मागे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर येतो. मराठीचे नियम सांगून क्रम लावायची सोय 'इंटल'च्या 'कोलेटर'मध्ये आहे, डेटाबेसमध्ये ती वेगळी निवडावी लागते.

नवं कधी घ्यावं

गेल्या काही वर्षांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा बदल हा आहे की पूर्वी लायब्ररीकडून करून घ्यावी लागणारी कामं ब्राउझर स्वतः करू लागला आहे. २००६मध्ये जेक्वेरी आली तेव्हा ब्राउझरांमधले फरक झाकायला ती हवीच होती. आज उघडझाप करणारा परिच्छेद, वर येणारी चौकट, स्वतःच्या जागेच्या रुंदीप्रमाणे बदलणारा घटक, हे सगळं एचटीएमएल आणि सीएसएसमध्ये होतं. 'डायलॉग' हा घटक मार्च २०२२पासून, कंटेनर क्वेरी फेब्रुवारी २०२३पासून आणि 'हॅज' हा सिलेक्टर डिसेंबर २०२३पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. यातलं जे वापराल तेवढी जावास्क्रिप्ट कमी होते, आणि त्याचा फायदा थेट त्या साध्या अँड्रॉइड फोनला मिळतो.

कोणती सोय वापरायला पिकली हे ठरवायला आता 'बेसलाइन' नावाची खूण आहे. एखादी सोय सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आली की ती 'नव्याने उपलब्ध' ठरते आणि त्यानंतर तीस महिन्यांनी 'सर्वत्र उपलब्ध'. एमडीएन या वेब तंत्रज्ञानाच्या संदर्भ-साइटच्या पानांवर ही खूण वरच्या बाजूलाच दिसते, 'कॅन आय यूज'वरही. सर्वसामान्यांसाठीच्या साइटवर दुसरी खूण लागलेलं बिनधास्त वापरा. पहिली लागलेलं वापरायचं तर ते नसतानाही पान वाचता येईल याची खात्री करा. एमडीएनचा आणखी एक उपयोग सांगतो: एखाद्या गुणधर्माबद्दल शंका आली की व्हिडिओ शोधण्याआधी तिथलं पान वाचायची सवय लावा. सुरुवातीला ते अवघड वाटतं, पण महिनाभरात त्या भाषेची सवय होते आणि मग अर्धवट माहितीवर वेळ जात नाही.

फ्रेमवर्कचं काय? नोकरीसाठी रिअ‍ॅक्ट शिका, २०१३मध्ये आल्यापासून त्याने बाजार व्यापला आहे आणि मुलाखतीत ते विचारणारच. मात्र दहा पानांच्या क्लासच्या साइटला ते लावू नका. मजकूर जास्त आणि हालचाल कमी असेल तर वर्डप्रेस किंवा ॲस्ट्रोसारखं साधी पानं तयार करून देणारं साधन पुरतं. वर्डप्रेसवर मोठी कामं करणारी आरटीकॅम्प ही कंपनी पुण्यातलीच आहे, त्या वाटेने चांगलं करिअर होतं. ज्या पडद्यावर माणूस तासन् तास काम करतो, हिशोब, आरक्षण, साठा, तिथे रिअ‍ॅक्ट, व्ह्यू किंवा स्वेल्ट शोभतं.

एआय आणि उसना कोड

एआय वापरू नका असं मी कुणालाही सांगत नाही. दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड समजून घेणं, चाचण्यांचा पहिला मसुदा, एसक्यूएलची लांबलचक क्वेरी, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत फंक्शन नेणं, यात ते खरोखर मदत करतं. शिकणाऱ्याने एकच पथ्य पाळावं: जी ओळ आपल्याला समजावून सांगता येत नाही ती प्रोजेक्टमध्ये ठेवू नये. एआयला विचारायचंच असेल तर 'हे लिहून दे' यासोबत 'हे कुठे मोडेल' असंही विचारा. वर लिहिलेल्या ऱ, ळ आणि अंकांच्या गोष्टी ते आपणहून क्वचितच सांभाळतं. तुम्ही नाव घेऊन सांगितलंत तर नीट करतं. म्हणजे ज्ञान तुमच्याकडे असावंच लागतं.

बटणांवरचा आणि सूचनांचा मराठी मजकूर यंत्राकडून करून घेतलात तर तो मोठ्याने वाचा. हिंदीच्या वळणाची वाक्यं आणि कुणी बोलत नाही असे शब्द लगेच कानाला खटकतात. आलेल्या मराठी अभिप्रायांचं वर्गीकरण, नावं ओळखणं अशी कामं असतील तर पुण्याच्या एल३क्यूब गटाने मराठीसाठी खुले केलेले डेटासंच आणि महाबर्टसारखी मॉडेल्स पाहा. ती मराठी मजकुरावर तयार झालेली आहेत आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात, ग्राहकांचा मजकूर बाहेर पाठवावा लागत नाही.

एआय अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव आत्मविश्वासाने सुचवू शकतं, आणि अशा नावांनी घातक पॅकेजं नोंदवून ठेवण्याचा धोका खरा आहे. म्हणून एनपीएमवरून काही घेण्याआधी त्या पॅकेजचं पान उघडा: शेवटचा बदल कधी झाला, सांभाळणारे किती, मूळ कोड कुठे आहे. उसन्या कोडचा धडा जगाला पुन्हा पुन्हा मिळाला आहे. मार्च २०१६मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे अकरा ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं आणि असंख्य प्रोजेक्ट उभेच राहीनात. जून २०२४मध्ये 'पॉलिफिल डॉट आयओ' हे डोमेन विकत घेणाऱ्यांनी त्यातून घातक कोड पाठवला आणि एक लाखाहून अधिक साइट्सना झळ बसली. ८ सप्टेंबर २०२५ला 'चॉक' आणि 'डीबग' या अतिशय वापरल्या जाणाऱ्या पॅकेजांत घुसखोरी झाली, कारण त्यांच्या सांभाळकर्त्याला फसव्या ईमेलने गाठलं होतं. त्यामुळे तीन सवयी लावा. दुसऱ्याच्या डोमेनवरून स्क्रिप्ट थेट ओढू नका, आपल्या सर्व्हरवर ठेवा. लॉक फाइल गिटमध्ये ठेवा आणि सर्व्हरवर तिच्याप्रमाणेच पॅकेजं बसवा. नवी आवृत्ती आली त्याच दिवशी घेऊ नका, सुरक्षेचा बदल सोडून.

काम सोपवताना

कुणालाही वापरता येईल अशी साइट करणं ही आता नुसत्या भल्या मनाची गोष्ट राहिलेली नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे, आणि एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तपासायला 'वेव्ह' आणि 'ॲक्स' ही एक्स्टेन्शन्स ब्राउझरमध्ये घाला, पण त्यानंतर माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने फॉर्म भरून पाहा. मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर किंवा अँड्रॉइडचा टॉकबॅक लावून तेच पान ऐका. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला फरक ४.५ला १ इतका तरी हवा. फिकट राखाडी अक्षरांची हौस इथे सोडावी लागते.

फॉर्ममधून नाव, फोन, पत्ता घेत असाल तर २०२३चा व्यक्तिगत डिजिटल डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५मध्ये आलेले त्याचे नियम वाचा. माहिती कशासाठी घेतोय ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय लोकांना मिळाला पाहिजे, म्हणजे ती मराठीतही तयार ठेवायला हवी. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लागत नाही ती माहिती विचारूच नका. चौकशीच्या फॉर्मला जन्मतारीख लागत नाही.

एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र हाताने बदलायची पद्धत आता बंद करा. त्यांची कमाल मुदत मार्च २०२६पासून २०० दिवसांवर आली आणि मार्च २०२९पासून ती ४७ दिवसांवर येईल असं ठरलं आहे. लेट्स एन्क्रिप्ट २०१५पासून मोफत प्रमाणपत्रं देतं आणि ती आपोआप नवी होतात. कोणतंही होस्टिंग घेताना ही सोय आहे का हे आधी विचारा.

शेवटची गोष्ट साइट करून घेणाऱ्या दुकानदारांना आणि संस्थाचालकांनाही सांगायची आहे. डोमेन मालकाच्या नावावर आणि मालकाच्या ईमेलवर नोंदवा, डेव्हलपरच्या नाही. डेव्हलपर बदलला, गाव सोडून गेला किंवा फोन उचलेनासा झाला की वर्षानुवर्षं छापलेल्या पत्त्याचं काय करायचं हा प्रश्न पुण्यातल्या अनेक दुकानांना पडलेला आहे. डोमेन, होस्टिंग, गूगल बिझनेसचं खातं आणि पैसे स्वीकारण्याची सेवा, या चारही खात्यांचे मुख्य अधिकार मालकाकडे आणि कामापुरते अधिकार आपल्याकडे, अशी मांडणी पहिल्या बैठकीतच करून घ्या. नूतनीकरणाच्या तारखा एका कागदावर लिहून द्या. बॅकअप घेतला जातो असं तोंडी सांगू नका. तो उतरवून दुसऱ्या जागी मालकाच्या समोर साइट उभी करून दाखवा, त्यात मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं आलेली नाहीत ना हे दोघांनी मिळून पाहा, आणि मगच शेवटचं बिल द्या.